रेडिओचा कान आणि विमानाचं सुकाणू

पन्हाळ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की तीन दरवाजा दहा पावलांवरूनही दिसत नाही. पर्यटक हिरमुसतात. आमच्या घरात मात्र याच दिवसांत विमानं जास्त उडतात, अर्थात संगणकाच्या पडद्यावर. भाचा बारावीत आहे आणि त्याला वैमानिक व्हायचं आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं, त्याचा खर्च लाखांत जातो. घरच्या सिम्युलेटरवरचा एक मिनिटही त्यात धरला जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी हाताला वळण लागावं म्हणून त्यानं सुकाणू, म्हणजे योक, घरीच बनवायचं ठरवलं. मामा म्हणून मी पैसे आणि लुडबुड दोन्ही पुरवली.

सांगाडा सोपा निघाला. लाकडी खोका, कोल्हापूरच्या उद्यमनगरातून लेथवर करून आणलेला लोखंडी दांडा, दोन बेअरिंग आणि दांडा पुढे-मागे सरकण्यासाठी टेबलाच्या ड्रॉवरचं चॅनेल. अवघड प्रश्न पुढचा होता. हाताने सुकाणू किती अंश फिरवलं, हे संगणकाला कळणार कसं?

त्यासाठी लागतो तो पोटेन्शिओमीटर. नाव भारदस्त असलं तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला आपण जो कान पिळायचो, त्याच्या मागे हाच बसलेला असे. आत कार्बनची नालाच्या आकाराची पट्टी असते, तिच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला शून्य. मधल्या तारेला जोडलेली धातूची जीभ पट्टीवर घासत फिरते. जीभ जिथे टेकेल, त्या प्रमाणात मधल्या तारेवर व्होल्टेज मिळतं. १८४१ साली योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानं व्होल्टेज मोजण्यासाठी ही युक्ती वापरली, म्हणून हे नाव. आता आपण ती उलट वापरतो : व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरून कोन ओळखायचा.

हे व्होल्टेज वाचायला आम्ही अर्डुइनो लिओनार्डो हा छोटा बोर्ड घेतला. तो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देतो आणि शून्य ते ५ व्होल्टची ० ते १०२३ अशी आकड्यांत वाटणी करतो. यात एक सोय आहे. यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट कधी ४.८ होतात, पण पट्टीलाही तेच मिळतात आणि मोजपट्टीही तीच असते, म्हणून गुणोत्तर बदलत नाही.

पहिली चूक माझी. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून मी साधा 'व्हॉल्यूम' आणला. बसवल्यावर विमान एका बाजूला हळूच कलायचं आणि दुसऱ्या बाजूला एकदम उलटं व्हायचं. कारण आपल्या कानात आहे. ध्वनीची ताकद दहापट झाली तरी कानाला ती दहापट वाटत नाही. म्हणून आवाजाच्या पॉटची पट्टी मुद्दाम असमान बनवतात : अर्ध्यापर्यंत फिरवलं तरी व्होल्टेज जेमतेम दहा-पंधरा टक्के. कोन मोजायला समान पट्टीचा, सहसा 'बी' अक्षर छापलेला, १० किलोओहमचा पॉट लागतो.

आमच्या पॉटची पट्टी २७० अंशांची आहे. सुकाणू दोन्हीकडे ९०-९० अंश फिरतं, म्हणजे १०२४ पायऱ्यांतल्या सुमारे ६८० वापरात येतात. एक पायरी पाव अंशाची. भाच्याला सगळ्या पायऱ्या हव्या होत्या, त्यासाठी दातेरी चाकं लावायची होती. मी नाही म्हटलं. दात्यांमध्ये थोडी ढिलाई राहतेच, आणि दिशा बदलताना हात हलतो पण पॉट हलत नाही. पाव अंशाची पायरी पुरेशी आहे, ढिलाई मात्र हाताला लगेच कळते. पुढे-मागे सरकण्यासाठी साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या कप्पीला ताणून दोरी गुंडाळली. दांडा १६ सेंटीमीटर सरकला की कप्पी सुमारे २४५ अंश फिरते.

मग पन्हाळ्याची हवा आडवी आली. दमटपणा आणि धूळ पट्टीवर बसली की जीभ क्षणभर उचलली जाते. रेडिओची खरखर हीच. इथे खरखर ऐकू येत नाही, विमान गचका देतं. क्लीनरचा फवारा, मधल्या तारेपासून शून्यापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दर वेळी १६ वाचनांची सरासरी एवढ्यावर भागलं. सरासरी फार वाढवली तर विमान हाताच्या मागे रेंगाळतं.

खरा घोटाळा वेगळाच होता. "मामा, विमान आपोआप डावीकडं जातंय बघा," असं तो एकदा म्हणाला आणि त्यानं सॉफ्टवेअरमधला 'डेड झोन' वाढवला, म्हणजे मध्याजवळच्या हालचालीकडे दुर्लक्ष करायला सांगितलं. तक्रार थांबली. दोन आठवड्यांनी मी त्याच्या मागे उभा होतो. विमान सरळ चाललेलं आणि त्याच्या हातातलं सुकाणू स्पष्ट उजवीकडे कललेलं. त्याला पत्ताच नव्हता. दांडा आणि पॉट जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला होऊन हळूहळू ८ अंश सरकला होता, तीस पायऱ्या. डेड झोननं ते आधी झाकलं आणि नंतर हातानं मुकाट्यानं सांभाळून घेतलं. स्नायू-सांध्यांतल्या संवेदना अशाच असतात. मध्य कुठे आहे हे त्या सरावानं ठरवतात, आणि सराव चुकीचा असेल तर चुकीचा मध्य पक्का करतात. पुढचा आठवडाभर तो विमान उजवीकडे कलवत होता.

हे खेळण्यातलं झालं. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. त्या विमानाचा डावीकडचा सेन्सर, हवेच्या प्रवाहाशी विमानाचा कोन मोजणारा, उजवीकडच्यापेक्षा सुमारे २१ अंश जास्त दाखवत होता. दुरुस्तीच्या वेळी त्याचं जुळवणं चुकलं होतं. तिथे कार्बनची पट्टी नव्हती, न घासणारा रिझॉल्व्हर होता. म्हणजे सेन्सर महागडा असणं आणि त्याचा शून्य जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक खाली दाबणारी यंत्रणा बनवणं ही त्याहून मोठी चूक होती.

न घासणारे सेन्सर आता घरीही परवडतात. दांड्याच्या टोकाला छोटं चुंबक, समोर चिप. १८७९ साली एडविन हॉलला सापडलेल्या परिणामावर ते चालतं, ४०९६ पायऱ्या देतं आणि धुक्याला भीत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही तेच बसवू. चुंबकही सरकू शकतं, हे भाच्यानं स्वतःच सांगितलं.

आणखी एक उणीव कुठल्याच सेन्सरनं भरून निघणार नाही. खऱ्या विमानात वेग वाढला की सुकाणू जड होतं, वळताना अंतर्कर्णाला झुकाव जाणवतो आणि ढगात तोच कान फसवतोही. १९२९ साली एडविन लिंक यानं वाद्यं बनवण्याच्या वडिलांच्या कारखान्यातले भाते वापरून कलणारं सराव-विमान केलं, ते यासाठीच. आमच्या खोक्यात दोन स्प्रिंग आहेत, बस.

खरे वैमानिक उड्डाणापूर्वी सुकाणू टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघतात. भाच्यानं आता पडद्याखाली कागद चिकटवलाय : डावं टोक १७१, मध्य ५१२, उजवं टोक ८५३. कोल्हापूरच्या धावपट्टीवरून निघण्याआधी तो आकडे वाचतो. काल मध्य ५०९ आला. तीन पायऱ्यांचा फरक. "चालतंय की," मी म्हटलं. तो ॲलन की आणायला उठला होता.