बिल सेव्ह झालं, स्टॉक मात्र हलला नाही!

बिलिंगच्या डेटाबेसला ट्रिगर कसा लावायचा ते व्हिडिओत आपण पाहिलं. बिलाची ओळ पडली की स्टॉक आपोआप कमी. आता त्याच ट्रिगरमध्ये एरर आली तर काय करायचं ते बघू. उदाहरण मायएसक्यूएलचं घेतलंय.

समजा शिल्लक ३ नग आणि बिलात टाकले ५. शिल्लकीचा कॉलम अनसाइन्ड असेल तर ३ वजा ५ जमत नाही, एरर १६९० येते. ट्रिगर अडला म्हणून बिलाची ओळही पडत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळतं, मालकाचा फोन येतो, "साहेब, बिलच होत नाही!" मग घाईघाईत ट्रिगरमध्ये कंटिन्यू हँडलर टाकला जातो. आत नुसतं बिगिन आणि एंड, मध्ये काहीच नाही. फोन बंद होतात, खरं आहे. पण आता बिल सेव्ह होतं, स्टॉक तसाच राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो थेट मार्चअखेरीला माल मोजताना, आणि संशय जातो दुकानातल्या पोरांवर. त्यापेक्षा अडलेलं बिल परवडलं की नाही?

आणखी एक गोम आहे. नव्या आयटमची स्टॉक टेबलमध्ये ओळच नसेल तर अपडेटला काही सापडत नाही, पण मायएसक्यूएल त्याला एरर मानतच नाही! म्हणून अपडेटनंतर लगेच रो-काउंट तपासा. शून्य आला तर सिग्नल वापरून एसक्यूएलस्टेट ४५००० ची एरर स्वतः उठवा. मेसेज काउंटरवरच्या माणसाला कळेल असा ठेवा: "हा आयटम स्टॉकमध्ये नाही."

आता लॉगचं. ट्रिगरमध्येच लॉग लिहून सिग्नल दिला, तर इन्नोडीबी टेबलमधली ती नोंदही बिलाच्या ओळीबरोबर मागे घेतली जाते. ट्रिगरमध्ये कमिट किंवा रोलबॅक लिहिताही येत नाही. म्हणून हे काम बिल सेव्ह करणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरकडे द्या. तिथे एक्झिट हँडलर लावा. त्यात आधी गेट डायग्नोस्टिक्सने एररचा नंबर आणि मजकूर व्हेरिएबलमध्ये उचलायचा (ही सोय ५.६ पासून आहे), मग रोलबॅक, मग लॉगमध्ये नोंद, शेवटी रिसिग्नल. नोंद आधी आणि रोलबॅक नंतर केलात, तर नोंद गेलीच म्हणून समजा. रिसिग्नल राहिलं तर ॲप बिनधास्त "बिल सेव्ह झालं" दाखवणार.

हे सगळं आधी टेस्ट कॉपीवर करा, चालू दुकानावर नको. ३ शिल्लक असताना ५ चं बिल करा, मग स्टॉकमध्ये नसलेला आयटम टाका. दोन्ही वेळा स्क्रीनवर एरर, लॉगमध्ये नोंद आणि बिलाच्या टेबलमध्ये एकही नवी ओळ नाही, असं दिसलं पाहिजे.