नर नसलेली जात

साकीनाक्यात पावसाचा जोर वाढला की तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीच्या मोरीत काळपट, चकाकणारं काहीतरी वळवळताना सापडतं. कुणी त्याला गांडूळ समजतं, कुणी ‘नागाचं पिल्लू’ म्हणून मिठाचा डबा घेऊन धावतं. खरं तर तो वाळा असतो. पूर्ण वाढ झालेला, पूर्ण बिनविषारी साप, आणि तरी लांबी जेमतेम चार ते सात इंच.

जरा वाकून पाहा. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत, घट्ट बसलेले खवले. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दबलेले दोन काळे ठिपके दिसतात; त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. शेपटीच्या टोकाला एक बारीक काटा असतो. त्याला लोक नांगी समजून घाबरतात, पण तो मातीत रेटा मिळवण्यासाठी आहे. मग तोंडातून केसासारखी जीभ बाहेर येते आणि हा साप आहे याबद्दलची शंका मिटते.

आणि हा साप मादीच असतो. वाळ्याच्या इतर काही जातींत नर-माद्या असतात, पण आपल्या कुंड्यांतून आणि मोऱ्यांतून भेटणाऱ्या या जातीत, म्हणजे इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनसमध्ये, आजवर खात्रीलायक नर मिळालेला नाही. जगात माहीत असलेल्या सापांत सगळी पिढी न् पिढी नराविना चालवणारी ही एकमेव जात. काही अजगर आणि कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनीही बंदिवासात नराशिवाय पिल्लं दिली आहेत, पण तो त्यांचा क्वचितचा मार्ग. वाळ्याला दुसरा मार्गच नाही.

हे जमतं कसं? तुमच्याआमच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा, एक बापाचा. अंडं तयार होताना ते निम्मे होतात आणि उरलेला निम्मा वाटा बापाकडून येतो. वाळ्याच्या पेशीत मात्र तीन संच असतात. पूर्वी कधीतरी वेगवेगळ्या वंशांचा संकर झाला, त्याची ही खूण. तीनाचे दोन सारखे भाग कसे करणार? इथे अडून बहुतेक संकरित प्राणी वांझ राहतात. वाळ्याच्या मादीत अंडं बनवणारी पेशी आधी गुणसूत्रं दुप्पट करते आणि मगच विभागते: तीनाचे सहा, सहाचे पुन्हा तीन. अंड्यात आईचा सगळा ठेवा जसाच्या तसा उतरतो, शुक्राणूची वाट पाहावी लागत नाही, आणि लेक जवळजवळ आईची नक्कल होऊन बाहेर येते. मला निसर्गातल्या कुठल्याही हिशेबापेक्षा हा हिशेब जास्त थक्क करतो.

शरीराची रचनाही तशीच काटकसरीची. इतक्या चिंचोळ्या देहात दोन अंडनलिका मावायच्या कुठे? म्हणून डावी नलिका नाहीच, उजवी तेवढी आहे. त्यातून तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, पांढरी, मोजकीच अंडी ओलसर मातीत पडतात. जमिनीखाली राहणाऱ्या सगळ्याच सापांची रीत अशी नाही. आपल्याकडचं मांडूळ आणि दुरक्या घोणस, तसंच सह्याद्रीच्या मातीतले खापरखवले अंडी पोटातच ठेवून थेट जिवंत पिल्लांना जन्म देतात, आणि त्यांना नर लागतो.

नर लागत नाही म्हणूनच वाळा जग फिरला. एखाद्या रोपाच्या मुळाशी, लाल मातीच्या ढेकळात एकच मादी लपून गेली तरी पुरे; नव्या गावात तिच्यापासून वंश सुरू होतो. जोडीदार शोधण्याची अडचणच नाही. कुंड्यांबरोबर, बागेच्या मातीबरोबर तो हवाई बेटांवर पोचला, फ्लोरिडात पोचला, आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात पोचला. आज अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात तो आहे. याचं शास्त्रीय वर्णन मात्र भारतातल्या नमुन्यावरून झालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर 1796 साली पुस्तक काढलं, त्यात हा होता. 1803 मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक दोदँ याने त्याला ब्रामिनस हे नाव दिलं. आपल्या घोणसाच्या शास्त्रीय नावात जे रसेल आहेत, तेच हे.

या सोयीची किंमतही आहे. सगळ्या जवळपास सारख्या असल्यामुळे एखादा नवा रोग आला तर एकीला जे बाधेल ते सगळ्यांना बाधू शकतं. तरीही मिठी नदीच्या काठच्या भरावात, खैरानी रोडच्या गर्दीत, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत तो टिकून आहे, कारण त्याला हवी ती थोडी ओलसर माती आणि मुंग्या-वाळवीची अंडी-अळ्या एवढंच. वाळवी मिळाली तर तिचं डोकं घासून तोडतो आणि मऊ भाग तेवढा गिळतो.

तेव्हा मोरीत तो दिसला तर मीठ, फिनेल, चप्पल यांतलं काहीही हाती घेऊ नका. बिळात पाणी भरलं म्हणून तो वर आलेला असतो. कागदावर उचला आणि जवळच्या कुंडीत, सावलीतल्या मातीवर सोडा. सर्पमित्राला बोलवायचीही गरज नाही.