खेड्याची अमानत आणि युरोपचा उंबरठा

मदर तेरेसा अल्बानियन वंशाच्या होत्या, हे आपल्याला ठाऊक असते. पण युरोपच्या या छोट्या देशात निम्म्याच्या आसपास लोक स्वतःला मुस्लिम म्हणवतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. 1967 मध्ये एन्व्हर होजा यांच्या साम्यवादी राजवटीने तिथल्या मशिदी आणि चर्च बंद केली. शेतकऱ्यांच्या जमिनी सामूहिक शेतीत गेल्या होत्या, पुढे घरची जनावरेही गेली. ती राजवट कोसळल्यावर 1991 मध्ये कायदा झाला आणि सामूहिक शेतीची जमीन घराघरांत माणशी वाटली गेली. वाटप समान होते, पण प्रत्येकाच्या वाट्याला आले ते तुकडेच. आजही तिथल्या एका शेतकरी कुटुंबाकडे सरासरी सव्वा हेक्टरच्या आसपास जमीन असते, आणि तीही चार ठिकाणी विखुरलेली.

हाच अल्बानिया आज युरोपीय संघात जाण्याच्या तयारीत आहे. 2009 मध्ये त्याने अर्ज केला, 2014 मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि 2022 च्या जुलैमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. संघात गेल्यावर फ्रान्स, इटली, हॉलंडचा माल तिथल्या बाजारात बिनअडथळा येणार. आपले दूध, मांस, भाजीही तिकडे पाठवता येईल, पण स्वच्छतेचे, जनावरांच्या देखभालीचे आणि पर्यावरणाचे नियम पाळले तरच. दोन गाई पाळणाऱ्या बाईने हे नियम कुठून पाळायचे? दूध थंड ठेवायचे यंत्र नाही, पक्का गोठा नाही, शेण साठवायला हौद नाही.

ही दरी भरून काढण्यासाठीच संघाने एक निधी ठेवला आहे. पोलंड, बल्गेरियासारखे 10 देश संघाच्या दारात उभे होते, तेव्हा 2000 सालापासून ‘सापार्ड’ नावाची योजना होती. आता तिच्या जागी ‘आयपार्ड’ आहे. अल्बानिया, तुर्कस्तान, सर्बिया, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसेडोनिया या देशांना तिचा लाभ मिळतो. अल्बानियासाठी तिच्या दुसऱ्या टप्प्यात संघाने सुमारे 7 कोटी 10 लाख युरो ठेवले होते, तर 2021 ते 2027 या टप्प्यासाठी सुमारे 11 कोटी 20 लाख. अनुदानात साधारण तीन वाटे संघाचे आणि एक वाटा देशाच्या सरकारचा असतो. हरितगृह, शीतगृह, दूध-मांस प्रक्रिया, गावात पाहुण्यांसाठी खोल्या, अशा कामांना हा पैसा मिळतो.

मिळतो, पण मागाहून. खरी मेख इथेच आहे. समजा, एका शेतकऱ्याने 50,000 युरोंचे शीतगृह बांधायचे ठरवले आणि 60 टक्के अनुदान मंजूर झाले. तरी आधी बांधकाम त्यालाच करावे लागते. कोटेशन, पावत्या, परवाने जमवायचे, तपासणी होऊ द्यायची, आणि मग 30,000 युरो परत मिळायचे. काम पूर्ण होईल तेव्हा ते युरोपीय नियमांत बसले पाहिजे. पुढची 5 वर्षे ते विकायचे नाही आणि बंदही पाडायचे नाही.

हिशेब चोख राहावा म्हणून केलेली ही पद्धत आहे, त्यात वावगे काही नाही. पण मधल्या काळात पैसा कोण घालणार? ज्याच्याकडे आहे, तोच. ज्याच्याकडे नाही, त्याने बँकेकडे जायचे, तर बँक तारण मागते, आणि जमिनीची कागदपत्रे अजून नीट झालेली नसतात. इटलीत किंवा ग्रीसमध्ये मुलगा कामाला असेल तर त्याच्या कमाईवर काम निघते. बाईची अडचण आणखी वेगळी. 1991 चे वाटप कुटुंबाला झाले खरे, पण नोंद बहुधा कुटुंबप्रमुखाच्या, म्हणजे पुरुषाच्या नावावर झाली. गाईची धार ती काढते, चीज ती करते, पण अर्जावर सही करायला तिच्या नावाचा कागद नसतो.

एवढे अडथळे ओलांडून माणूस खिडकीपर्यंत पोहोचला आणि खिडकीच बंद निघाली तर? अल्बानियात नेमके तेच झाले. अनुदान वाटणाऱ्या यंत्रणेतील भ्रष्टाचाराची युरोपीय संघाच्या गैरव्यवहारविरोधी कार्यालयाने चौकशी केली आणि 2023 मध्ये संघाने हा पैसा रोखला. असे पहिल्यांदाच घडले असेही नाही. बल्गेरिया 2007 मध्ये संघात गेला आणि पुढच्याच वर्षी, जुलै 2008 मध्ये, गैरव्यवहारांमुळे त्याचे ‘सापार्ड’सह कोट्यवधी युरो अडकले.

पैसा अडतो तेव्हा शिक्षा कोणाला होते? ज्याने लाच घेतली त्याच्यावर खटला चालेल, वर्षे जातील. पण ज्याने प्रामाणिकपणे अर्ज केला, उसनवारी करून पाया खणला, त्याच्यावर वेळ आजच येते. चोरी कार्यालयात झाली, भुर्दंड मात्र शिवारात भरावा लागला.

तुर्कस्तानचा अनुभव जरा वेगळे सांगतो. सायप्रसच्या वादामुळे डिसेंबर 2006 मध्ये संघाने तुर्कस्तानशी चाललेल्या वाटाघाटींची 8 प्रकरणे गोठवली. त्यांत शेती आणि ग्रामविकासाचे प्रकरणही होते. तरीही तुर्कस्तानने 2007 मध्ये कायदा करून या निधीसाठी स्वतंत्र संस्था उभी केली, पुढे 42 प्रांतांत तिचे काम चालले आणि गावांत पैसा पोहोचत राहिला. संघाचे दार अजून उघडलेले नाही. पण ज्याने गोठा सुधारला त्याचा गोठा सुधारला, ज्याने प्रक्रिया केंद्र काढले त्याचे केंद्र चालू झाले. राजकारण अडले म्हणून ते काम वाया गेले नाही.

दोन्ही देशांकडे पाहिले की एक गोष्ट समजते. निधी किती मोठा, यापेक्षा तो कोणाच्या हातातून जातो, याला जास्त महत्त्व आहे. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. अमानतीत खयानत झाली की नुकसान फक्त तिजोरीचे होत नाही. पुढच्या वेळी योजना आली की गावातला माणूस म्हणतो, “हे आपल्यासाठी नाही.” मग तो अर्जच करत नाही, आणि त्याचा हक्क त्याच्या नकळत दुसऱ्याकडे जातो.

अल्बानियाचे सरकार 2030 पर्यंत संघात जाण्याची उमेद बाळगून आहे. राजधानी तिरानामध्ये त्याची चर्चा रोज होते. पण त्या दोन गाईवाल्या बाईसाठी युरोप म्हणजे एक साधी गोष्ट आहे. तिच्या नावाचा कागद, वेळेवर मिळणारा पैसा, आणि लाच न मागणारा कारकून. या तीन गोष्टी तिच्या गावात पोहोचल्या, तर देश संघात गेला काय आणि दोन वर्षे उशिरा गेला काय, तिच्या घरात बरकत येईल. आणि त्या पोहोचल्या नाहीत, तर संघात जाऊनही तिचा गोठा आहे तिथेच राहील.