मैदान गावाचे, कारभार संस्थेचा?

नगरपंचायत आणि सेवाभावी संस्था यांच्या भागीदारीतून क्रीडा व करमणूक केंद्र उभारता येते. मात्र करार करण्यापूर्वी काय तपासावे?

विशेष प्रतिनिधी

मारेगाव : यवतमाळहून करंजीमार्गे वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मारेगाव हे तालुक्याचे ठिकाण. कापसाच्या शेतीवर जगणारा आणि गोंड व कोलाम समाजाची मोठी वस्ती असलेला हा तालुका. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या वर जात असल्याने दुपारभर मैदानावर पाय ठेवणे अशक्य असते. जे काही खेळणे-फिरणे ते पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. अशा वेळी प्रकाशाची सोय असलेले मैदान, आडोसा देणारे सभागृह, वाचनाची खोली, मुलींना निर्धास्तपणे खेळता येईल असे आवार, म्हणजेच सर्वांसाठी खुले असे क्रीडा व करमणूक केंद्र ही चैन नसून गरज आहे, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे केंद्र उभारायचे कोणी, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे ते चालवायचे कोणी, हा.

मारेगावच नव्हे, तर राज्यातील बहुतेक छोट्या नगरपंचायतींपुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच. स्वतःच्या तिजोरीत पैसा नाही, हाताशी मनुष्यबळ नाही आणि 'जागा द्या, बाकीचे आम्ही पाहतो' असे म्हणणारी एखादी संस्था दारात उभी आहे, अशी ही स्थिती. होकार दिला तर गावाला केंद्र मिळण्याची शक्यता असते आणि जागा हातची जाण्याचीही. नकार दिला तर जागा शाबूत राहते, पण तिच्यावर बाभळी वाढतात.

जबाबदारी कोणाची?

संविधानाची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. ग्रामीण रूप टाकून नागरी रूप धारण करीत असलेल्या क्षेत्रासाठी 'नगरपंचायत' ही संकल्पना याच दुरुस्तीने दिली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी असून उद्याने, बागा, खेळाची मैदाने यांसारख्या सुविधा पुरविणे हा त्यांपैकी एक विषय आहे. सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणे हा त्याच्या लगेच पुढचा.

महाराष्ट्रात २०१४ नंतर तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचा दर्जा देण्यात आला. मारेगाव आणि शेजारचे झरी-जामणी ही त्यांतलीच गावे. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, मुख्याधिकारी आणि मोजका कर्मचारीवर्ग असे नगरपंचायतीचे स्वरूप असते. पाणी, नाल्या, दिवाबत्ती आणि कचरा यांतच या यंत्रणेची शक्ती खर्ची पडते. मैदान हा विषय कायद्याने तिचा असला तरी त्याची पाळी अखेरीस येते.

बांधणे सोपे, चालविणे अवघड

इमारतीसाठी निधी मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा शासनाने २०२२ मध्ये एक कोटी रुपयांवरून पाच कोटी रुपयांपर्यंत वाढविली. आमदार स्थानिक विकास निधी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे. वणी परिसरात कोळसा खाणी असल्याने या मार्गाचा विचार मारेगावला दूरचा वाटू नये.

तथापि, हा सारा पैसा प्रामुख्याने उभारणीचा. उद्घाटनाची फीत कापल्यानंतरचा खर्च यातून भागत नाही. एक साधा हिशेब उदाहरणादाखल पाहता येईल. चौकीदार, सफाई कामगार आणि प्रशिक्षक अशा तिघांना दरमहा प्रत्येकी १२ हजार रुपये धरले तर वर्षाचे चार लाख ३२ हजार रुपये होतात. विजेचे दरमहा आठ हजार म्हणजे ९६ हजार रुपये. किरकोळ दुरुस्तीसाठी वर्षाला ७२ हजार रुपये धरल्यास एकूण खर्च सहा लाखांवर जातो. तो केवळ वर्गणीतून काढायचा तर दरमहा शंभर रुपये देणारे पाचशे सभासद वर्षभर हवेत. लहान गावात ही संख्या गाठणे कठीण आहे. आणि वर्गणी वाढविली तर ज्यांच्यासाठी केंद्र काढले तीच मुले फाटकाबाहेर राहतात.

अनेक तालुक्यांतील क्रीडा संकुलांना कुलूप दिसते ते याच कारणाने. भागीदार संस्थेचा विचार येथूनच सुरू होतो.

'सेवाभावी' म्हणजे नेमके कोण?

नफा न कमावणारी संस्था महाराष्ट्रात सामान्यतः तीन मार्गांनी अस्तित्वात येते : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये संस्था, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये न्यास, अथवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. तिला हिशेब तपासून घेऊन दरवर्षी सादर करावे लागतात. त्यामुळे संस्था खरोखर कार्यरत आहे की केवळ कागदावर, हे तपासणे अवघड नाही. मागील काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांची अद्ययावत नोंद आणि पूर्वी केलेले काम या तीन गोष्टी पाहिल्या तरी बरेचसे चित्र स्पष्ट होते.

विदर्भाला अशा संस्था नव्या नाहीत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आखाड्याच्या रूपाने सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली आणि आज तेथे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये उभी आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने गावोगावी निघालेली गुरुदेव सेवा मंडळे सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि व्यायाम यांची सांगड घालत आली. लोकांनी लोकांसाठी चालविलेली केंद्रे ही या मातीतली कल्पना आहे. नवा आहे तो सार्वजनिक जमिनीचा करार.

मुंबईचा धडा

या कराराचे काय होऊ शकते, हे मुंबईने पाहिले आहे. मैदाने व उद्याने सांभाळण्यास महापालिकेचे हात अपुरे पडतात, या कारणास्तव तेथे 'दत्तक' आणि 'काळजीवाहू' या नावांनी खुले भूखंड खासगी संस्थांना देण्याची पद्धत पडली. पहिल्या प्रकारात केवळ देखभाल अपेक्षित होती. दुसऱ्यात भूखंडाच्या काही भागावर बांधकाम करण्याची मुभा होती. या वाटेने दोनशेहून अधिक भूखंड संस्थांकडे गेले. काही ठिकाणी बागा फुलल्या. काही ठिकाणी मात्र सभासदत्व घेणाऱ्यांसाठीचे क्लब उभे राहिले आणि सार्वजनिक मैदानात शिरायला सामान्य माणसाला परवानगी लागू लागली.

जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेच्या सभेने खुल्या जागांचे नवे धोरण संमत केले, तेव्हा नागरी संघटनांनी जोरदार विरोध केला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणाला स्थगिती दिली आणि भूखंड परत घेण्यास सांगण्यात आले. अनेक भूखंड परत आले; पण जेथे पक्के बांधकाम होते, तेथे ही प्रक्रिया रेंगाळली. २०२३ मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा आला तेव्हा हाच वाद पुन्हा उफाळला.

त्याच मुंबईत याउलट उदाहरणही आहे. दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदान शासनाच्या मालकीचे. १९९० च्या दशकात त्याची दुरवस्था झाल्यावर परिसरातील रहिवाशांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारी रहिवाशांनी उचलली. मालकी शासनाचीच राहिली, मैदानावर क्लबाची इमारत उभी राहिली नाही आणि क्रिकेट खेळणारी मुले तेथे आजही खेळतात. या मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

दोन्ही अनुभवांतील फरक संस्थेच्या हेतूपुरता नाही. एका ठिकाणी संस्थेला बांधण्याचा हक्क मिळाला, दुसऱ्या ठिकाणी केवळ सांभाळण्याचे कर्तव्य. फरक तेथेच पडला.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार शासनाच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. अल्पमुदतीच्या भाडेपट्ट्याला मुभा असली, तरी मूळ तरतुदीत ती मुदत तीन वर्षांची असून अशा जागेवर कायम स्वरूपाचे बांधकाम करण्यास मनाई आहे. म्हणजेच सर्वसाधारण सभेत ठराव झाला, एवढ्यावर जागा कोणाला देता येत नाही.

येथे 'भाडेपट्टा' आणि 'परवाना' यांतील भेद समजून घेणे आवश्यक ठरते. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो; परवान्याने केवळ वापराची अनुमती मिळते, ताबा व मालकी मूळ मालकाकडेच राहते. केंद्र चालविण्यासाठी संस्थेला परवाना पुरेसा असतो. जी संस्था भाडेपट्ट्याचाच आग्रह धरते, तिला तसे का हवे आहे, हे विचारले गेले पाहिजे.

दुसरा मुद्दा आरक्षणाचा. विकास आराखड्यात मैदान किंवा उद्यान म्हणून राखीव असलेल्या जागेचा वापर बदलायचा तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील प्रक्रिया पार पाडावी लागते. उद्यानाच्या जागेवर खासगी रुग्णालयाला परवानगी देण्याचा बंगळूरमधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरविला होता. खुली जागा ही नागरिकांच्या आरोग्यासाठी असते आणि तिचे रक्षण हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, हे त्या निकालाचे सार. ले-आउटमधील खुल्या जागांनाही हेच तत्त्व लागू पडते. भूखंड विकले जाताना नकाशावर दाखविलेली 'ओपन स्पेस' ही त्या ले-आउटमधील रहिवाशांच्या भरवशाची जागा असते.

ग्रंथालयांचा मार्ग

भागीदारीचा एक जुना आणि परिचित नमुना मात्र महाराष्ट्रातच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यातील हजारो ग्रंथालये स्थानिक संस्थांनी चालविली, शासनाने त्यांना मान्यता देऊन अ, ब, क, ड असे वर्ग ठरविले आणि वर्गानुसार अनुदान दिले. दरवर्षी तपासणी, ठरावीक वेळ, ठरावीक नोंदवह्या आणि सर्वांना प्रवेश या अटींवर ही व्यवस्था उभी आहे. अनुदान तुटपुंजे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन नगण्य, ही तिची दुखरी बाजूही सर्वश्रुत आहे. तरीही तालुक्याच्या गावातला सामान्य वाचक आज वर्तमानपत्र चाळायला जाऊ शकतो, तो या भागीदारीमुळेच. क्रीडा केंद्रासाठी नगरपंचायतीने यातून दोन गोष्टी घ्याव्यात : पैसा देताना अट घालावी आणि अट घालताना पैसाही द्यावा. एकही रुपया न देता सेवेची अपेक्षा केली, तर संस्था तो रुपया कोठून तरी काढतेच. बहुधा लग्नसमारंभांच्या भाड्यातून.

करारात काय असावे?

या अनुभवांच्या आधारे करार करताना पुढील बाबी काटेकोरपणे पाहिल्या जाणे आवश्यक आहे.

* मालकी व ताबा नगरपंचायतीचा राहील आणि केलेले प्रत्येक बांधकामही तिचेच असेल.
* मुदत अल्प असावी; नूतनीकरण आपोआप न होता कामाच्या मूल्यमापनानंतर सर्वसाधारण सभेत व्हावे.
* शुल्काचे दर नगरपंचायत ठरवील. मैदान व वाचनकक्ष विनामूल्य राहतील.
* मुली व महिलांसाठी, ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी वेळ व सोयी लेखी नमूद असाव्यात.
* लग्न, प्रदर्शन वा राजकीय सभांसाठी जागा भाड्याने देण्यावर बंधन असावे.
* देखरेख समितीत नगरसेवकांसोबत खेळाडू, शिक्षक व रहिवासी महिला असाव्यात.
* वार्षिक जमाखर्च सूचना फलकावर लावावा. अटभंग झाल्यास करार कसा संपेल, हे आधीच लिहिलेले असावे.

पारदर्शकतेबाबत माहितीचा अधिकार कायदा, २००५ हे नागरिकांच्या हातातील साधन आहे. शासनाकडून भरीव अर्थसाह्य घेणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. मोफत अथवा मोठ्या सवलतीत दिलेली जमीन हेही असे साह्य ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. 'आम्ही खासगी संस्था आहोत' हे उत्तर त्यामुळे दर वेळी चालणारे नाही.

कोणासाठी?

करारातील कलमांइतकाच महत्त्वाचा प्रश्न केंद्राच्या उपयोगाचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकायला येणारी पोडावरची कोलाम मुले, शाळा सुटल्यावर खेळायला जागा नसल्याने घरात बसणाऱ्या मुली, शेतीच्या चिंतेने पिचलेला आणि चार माणसांत बसायला जागा शोधणारा शेतकरी, यांच्यापैकी कितीजण या केंद्रात येतील? शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले, तेथे माणसांनी एकत्र येण्याच्या जागेचे मोल रुपयांत काढता येणार नाही. हातात रॅकेट घेऊन येणारे पन्नास सभासद आणि फाटकाबाहेर थांबलेली पाचशे मुले असे चित्र निर्माण झाले, तर भागीदारी कागदावर यशस्वी होऊनही फसलेली असेल.

त्यामुळे अशा प्रस्तावावर निर्णय घेण्यापूर्वी तो मराठीत, पूर्ण मसुद्यासह जाहीर करून हरकती व सूचना मागविणे हिताचे ठरेल. त्यासाठी महिना-दोन महिने अधिक लागतील. एकदा गेलेले मैदान परत मिळविण्यासाठी मुंबईला किती वर्षे लागली, हे पाहता हा विलंब फार नाही.