दगड टिकला, राज्य गेले
(लेखमाला : तटबंदीआडचा आशिया – लेखांक 6)

मागच्या लेखात को लोआचे मातीचे तट पाहिले. आज व्हिएतनाममधल्याच एका दगडी भुईकोटाकडे वळू. हनोईच्या दक्षिणेला सुमारे 150 किलोमीटरवर, थान्ह होआ प्रांतात, मा आणि बुओई या नद्यांच्या बेचक्यात तो उभा आहे. लोक त्याला हो घराण्याचा कोट म्हणतात. त्याच्या भरभराटीच्या काळी तो ‘ताय दो’, म्हणजे पश्चिम राजधानी होता. 2011 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कोटाला सहाशेहून अधिक वर्षे झाली. ज्या घराण्याचे नाव त्याला आहे, त्याचे राज्य मात्र जेमतेम सात वर्षे चालले.

कोट बांधवणारा हो क्वी ली हा त्रान घराण्याचा बडा सरदार. ते घराणे तेव्हा खिळखिळे झाले होते. दक्षिणेकडच्या हिंदू चंपा राज्याच्या फौजांनी 1371 मध्ये थांग लाँग, म्हणजे आजचे हनोई, लुटून जाळले होते. पुढे 1390 मध्ये चंपाचा राजा चे बाँग न्गा त्रानांच्या तोफेला बळी पडला आणि दक्षिणेचा धोका ओसरला. दरबारातली सूत्रे तोवर हो क्वी लीच्या हाती गेली होती. 1396 मध्ये त्याने कागदी चलन आणले, तांब्याची नाणी सरकारजमा करायला लावली. 1397 मध्ये जमीनधारणेवर मर्यादा घातली. त्याच वर्षी त्याने आन तोन इथे नव्या राजधानीचे काम काढले. ही जागा अरुंद आणि आडबाजूला आहे, राज्य तटांवर नव्हे तर राजाच्या वागणुकीवर उभे राहते, असे एका दरबाऱ्याने बजावून पाहिले. त्याचे कोणी ऐकले नाही.

कोट जवळजवळ चौकोनी आहे. दक्षिणोत्तर सुमारे 870 मीटर, पूर्वपश्चिम सुमारे 880. बाहेरून खंदक, मग चुनखडीच्या घडीव चिऱ्यांची भिंत आणि तिला आतून मातीच्या भरावाचा टेकू. काही चिरे वीस टनांहून जड आहेत. सांध्यांत चुना नाही; घडाई इतकी नेटकी की चिरे स्वतःच्या वजनानेच एकमेकांना धरून बसले. कमानींचे दगड पाचरीसारखे निमुळते आहेत, पपनसाच्या फोडी शेजारी शेजारी लावाव्यात तसे. दक्षिणेच्या मुख्य दरवाजाला अशा तीन कमानी आहेत, उरलेल्या तीन दरवाजांना एकेकच.

काम तीन महिन्यांत उरकल्याचे इतिवृत्त सांगते. पण 1401 च्या नोंदीत तट ठिकठिकाणी ढासळल्याचे आणि वरच्या भागासाठी गावोगावहून विटा मागवल्याचेही येते. उत्खननात मिळालेल्या अनेक विटांवर गावांची नावे उमटवलेली आहेत. कोणत्या गावाने किती विटा घातल्या याचा तो हिशेबच म्हणायचा. या सक्तीची आठवण पूर्व दरवाजाजवळच्या एका छोट्या देवळातही जपली आहे. भिंत पुन्हा पुन्हा ढासळली म्हणून कामावरच्या एका तरुणाला तटातच गाडले आणि त्याची बायको बिन्ह ख्वोंग हिने तिथल्या दगडावर डोके आपटून जीव दिला, अशी दंतकथा आहे. तो दगड देवळात आजही दाखवतात.

दरबारातही रक्त सांडतच होते. 1399 मध्ये जवळच्या दोन सोन टेकडीवर हो क्वी लीविरुद्धचा कट फसला आणि 370 हून अधिक माणसे मारली गेली. चे बाँग न्गावर तोफ डागवणारा सेनापती त्रान खात चान त्यांतलाच एक. पुढच्याच वर्षी हो क्वी ली स्वतः गादीवर बसला.

चीनच्या मिंग दरबाराला यात निमित्त मिळाले. त्रान घराण्याला त्याची गादी परत मिळवून देतो, असे सांगत मिंग फौजा 1406 मध्ये घुसल्या. स्वारी येणार हे आधीच दिसत होते. तेव्हाच्या मसलतीत हो क्वी लीचा थोरला मुलगा न्गुएन त्रुंग म्हणाला होता की लढाईची भीती नाही, लोक आपल्या मागे येतील की नाही याचीच भीती आहे. बापाने खूश होऊन त्याला सोन्याचा पानाचा डबा बक्षीस दिला. बक्षीस मिळाले, इशारा तिथेच राहिला. तांबड्या नदीकाठचे दा बांग ठाणे पडले, हो घराणे दक्षिणेकडे पळाले आणि 1407 मध्ये बापलेक मिंगांच्या हाती लागले. त्रुंग तोफांच्या कामात निष्णात होता, म्हणून मिंगांनी त्याला आपल्याकडे अधिकारी केले.

खरा उपरोध पुढेच आहे. 1418 मध्ये याच थान्ह होआतल्या लाम सोन भागातून ले लोईने मिंगांविरुद्ध उठाव केला. त्याच्याकडे सुरुवातीला ना राजधानी होती ना तट. होते ते डोंगर आणि साथ देणारी गावे. 1427 मध्ये मिंगांना देश सोडावा लागला. त्या लढ्यात ताय दोच्या तटांनी आसरा दिला तो मिंग शिबंदीला, आणि बाहेरून वेढा घालून बसले होते व्हिएतनामी सैनिक.

आज आतले वाडे नाहीत. मुंडकी तुटलेले दोन दगडी ड्रॅगन आहेत आणि बाकी भातशेती. बांधणी पाहायची तर असा कोट आग्नेय आशियात क्वचित सापडेल. पण जिंकणाऱ्याच्या हाती पडल्यावर तट त्याचाच होतो, आणि ज्या गावांनी विटा घातल्या त्यांच्याशी राजाचे नाते तुटले असेल तर वीस टनांचा चिराही ते सांधू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात ह्यू : न्गुएन सम्राटांची राजधानी.