ब्लूप्रिंट पुढाऱ्यांची, ड्रॉइंग कामगाराचं

निवडणूक जवळ आली की ‘विकासाची ब्लूप्रिंट’ हमखास बाहेर पडते. भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये मात्र हा शब्द फारसा कानावर येत नाही. तिथे चालतं ते ‘ड्रॉइंग’. जॉब रिजेक्ट झाला आणि वाद पेटला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘ड्रॉइंग दाखव!’

ब्लूप्रिंट एके काळी खरोखर निळी असायची. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ती रीत शोधली. कागदाला लोहाचे क्षार लावायचे, वर ट्रेसिंग ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, रेघांखाली पांढरं. हा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. ब्लूप्रिंट गेली, पण दोन पृष्ठभाग नीट टेकतात का ते बघताना फिटरची बोटं आजही त्याच निळ्याने माखतात.

ड्रॉइंगची खरी गंमत त्याच्या कोपऱ्यातल्या शंकूच्या चिन्हात. आपलं भारतीय मानक आणि जर्मन कंपन्या ‘फर्स्ट अँगल’वाल्या, अमेरिकी आणि जपानी ‘थर्ड अँगल’वाल्या. एकाचा टॉप व्ह्यू खाली, दुसऱ्याचा वर. उजव्या बाजूचं चित्र एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. दोन्ही पद्धतींची कामं घेणाऱ्या व्हेंडरने चिन्ह न बघता प्रोग्रॅम केला, तर डावा ब्रॅकेट उजवा होऊन बसतो. मापं सगळी बरोबर, माल सगळा भंगारात!

शून्यावर तिरकी रेघ म्हणजे व्यास. शॉपमध्ये त्याला ‘फाय’ म्हणतात. ‘फाय २५ एच७’ असं लिहिलं असेल, तर भोक २५ मिलिमीटरपेक्षा तसूभरही लहान नको आणि मोठं झालंच तर फार तर २१ मायक्रॉन. केसाची जाडीसुद्धा साधारण याच्या तिप्पट.

ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. मे महिन्यात चाकणला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा नुसता शेडमध्ये पडून सुमारे २३ मायक्रॉन वाढतो. मापं तपासायच्या स्टँडर्ड रूमचा एसी साहेबांसाठी नसतो, तो जॉबसाठी असतो.

आणि एक. छापील ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप काढू नका. प्रिंटर कागदाप्रमाणे चित्र लहान-मोठं करतो. माप लिहिलेलं नसेल, तर मशीन चालू करण्याआधी डिझाइनवाल्याला फोन लावा.