२१ ग्रॅमचा आत्मा

‘मरताना माणसाचं वजन २१ ग्रॅमने घटतं. तेवढं आत्म्याचं वजन, हे विज्ञानाने सिद्ध केलंय.’ पितृपंधरवडा आला की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. आकडा हवेतून आलेला नाही, एवढं आधी मान्य करू. अमेरिकेतल्या हेवरहिल गावचे डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी मरणासन्न रुग्णांना खाटेसकट तराजूवर ठेवलं आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. रुग्ण होते सहा. त्यातले दोन त्यांनी स्वतःच बाद केले: एकाच्या वेळी काटा नीट लागला नव्हता, दुसरा काटा लावून होईपर्यंत थांबलाच नाही. उरलेल्या चौघांत पाऊण औंस, म्हणजे २१ ग्रॅम, घट दिसली ती पहिल्याची. बाकीच्यांचे आकडे वेगळे. एकाचं वजन तर मृत्यूच्या वेळी घटलं आणि काही मिनिटांनी पुन्हा घटलं. आत्मा हप्त्याहप्त्याने निघत असावा! पुढे त्यांनी १५ कुत्रे तोलले, त्यांचं वजन घटलं नाही. कुत्र्याला आत्मा नसतो, या समजुतीशी हे जुळतं म्हणून डॉक्टरांचं समाधान झालं.

ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरांनी तेव्हाच हरकत घेतली होती. श्वास थांबला की फुप्फुसांत रक्त थंड होत नाही, अंग थोडं तापतं, घाम सुटून उडून जातो. कुत्र्यांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं स्पष्टीकरण पूर्ण बरोबर असो वा नसो, चार माणसांच्या चार वेगळ्या आकड्यांतून आवडलेला एक उचलणं म्हणजे सिद्धता नव्हे. आणि गीतेतला आत्मा तर ना कापता येतो, ना जाळता येतो. तो काट्यावर तोलला गेला म्हणून भाविकांनी का खूश व्हावं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

दुसरा लाडका युक्तिवाद ऊर्जेचा. ‘ऊर्जा नष्ट होत नाही, मग आपल्यातली ऊर्जा मेल्यावर जाते कुठे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला साधं उत्तर आहे. ती अन्नातून आलेली रासायनिक ऊर्जा असते. बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकतो. प्राण गेला की अंग गार पडतं, म्हणजे उरलेली उष्णता आसपासच्या हवेत जाते. पेशींतली रासायनिक ऊर्जा जंतू खातात, नाहीतर ती चितेत जळते. हिशोबात शिल्लक काही उरत नाही.

‘पण मला स्वतःला दिसलं, ते काय खोटं?’ खोटं नाही. मध्यरात्री जाग यावी, हातपाय हलू नयेत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटावं, हा अनुभव खराच असतो. गावाकडे त्याला मुंजा म्हणतील, वैद्यकात निद्रा-पक्षाघात. स्वप्न पडत असताना मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. कधी माणूस जागा होतो पण ती पकड सुटलेली नसते आणि स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांसमोर तरळत राहतो.

इथे विवेकवाद्यांच्या आवडत्या गोष्टीलाही चिमटा काढायला हवा. विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याला प्रयोगशाळेत राखाडी आकृती दिसली. कारण निघालं पंख्यामुळे होणारी सुमारे १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी कंपनं. १९९८ साली त्यांनी ते छापलं आणि ‘भुताचं कोडं सुटलं’ असा गाजावाजा झाला. पण लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाच्या संशोधकांनी एक खोली मुद्दाम तयार करून अशी कंपनं आणि चुंबकीय क्षेत्रं सोडून पाहिली. २००९ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटलं, पण यंत्रं चालू आहेत की बंद, याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. इथे काहीतरी जाणवेल, हे आधी सांगितलं होतं, बहुधा तेवढंच पुरलं.

राहिला मृत्यूच्या दारातून परतलेल्यांचा अनुभव. छताजवळ तरंगत खाली स्वतःचाच देह पाहिला, असं काहीजण सांगतात. सॅम पार्निया या डॉक्टरांच्या गटाने ते तपासायचं ठरवलं. रुग्णालयांत उंच फळ्या लावून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना नोंदल्या गेल्या. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलणं झालं. २०१४ साली अहवाल आला, तेव्हा चित्र ओळखणारा एकही नव्हता. मात्र शरीराबाहेरून पाहिल्याचं स्पष्ट सांगणारे दोघे जिथे कोसळले, तिथे फळ्याच नव्हत्या. म्हणजे या प्रयोगातून आत्मा सिद्धही झाला नाही, खोटाही ठरला नाही. तरी त्याच अहवालाचा दाखला देत ‘मृत्यूनंतरचं जीवन शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ असे मथळे छापून आलेच.